मिरीची फळफांदी

केळीच्या पानाची गुंडाळी सुभद्राकाकींनी माझ्या ओंजळीत ठेवली. मी ती तिथेच, देवराईच्या कडेला, उघडून बघितली आणि फांदी चुकीची आहे हे मला त्याच क्षणी कळलं.

बोलले मात्र काहीच नाही. मागे निम्मं गाव उभं होतं, गुरव अजून देवाच्या पाषाणासमोरून उठला नव्हता आणि कौल एकाच फांदीचा मिळाला होता. ‘देवा, ही नको, दुसरी दे’ असं म्हणायची माझी काय प्राज्ञा? मी फांदी ओल्या फडक्यात गुंडाळून डब्यात ठेवली आणि सगळ्यांसारखा नमस्कार केला. सकाळपासून पोटात काही नव्हतं, डोकं ठणकत होतं, आणि पुढे काय वाढून ठेवलंय त्याचा अंदाज यायला लागला होता.

या गोष्टीला आता पुष्कळ वर्षं झाली. तेव्हा मी तळकोकणातल्या एका शिक्षणसंस्थेच्या शेतकी कॉलेजात ऊतीसंवर्धनाची प्रयोगशाळा चालवत होते. चालवत होते म्हणजे मी, बाटल्या धुणारी मंदा आणि वाटेल तेव्हा जाणारी वीज, अशा तिघींनी मिळून ती चालवली होती. मी मूळची कराडकडची, म्हणजे इकडच्या भाषेत घाटी. केळीची रोपं करायची आणि विकायची, एवढ्याचसाठी संस्थेने मला आणलं होतं. मिरीचं काम हे मी स्वतःच्या हाताने ओढवून घेतलेलं दुखणं होतं.

ते आणलं लवू गावकरने. करंजघळ नावाच्या गावात त्याची पोफळीची बाग होती. पूर्वी त्या बागेत प्रत्येक पोफळीवर एकेक मिरवेल चढलेली असायची. सुपारी ही घरची भाकरी आणि मिरी हे त्यावरचं तूप, असा तिथला हिशोब. मग मर रोग आला. या रोगात वेलीची पानं देठापासून काळी पडून गळतात आणि पंधरवड्याच्या आत नुसती दोरी झाडावर लोंबत राहते. एका वर्षात गावातली मिरी संपली. लवूने दोनदा बाहेरून रोपं आणून लावली, तीही गेली.

लवू तेव्हा पंचविशीचा असेल. अंगाने काटक, बोलायला कमी. वडील तो शाळेत असतानाच वारले होते, घरात तो आणि आई. गोव्यात औषधांच्या कंपनीत त्याचा मावसभाऊ होता आणि तो याला तिकडे बोलावत होता. मिरी परत पोफळीवर चढली तर मी गावात राहीन, नाहीतर बाग कुणाला तरी करायला देऊन गोव्याला जाईन, असं त्याने मला पहिल्याच भेटीत सांगून टाकलं. दडपण आणायला नव्हे, वस्तुस्थिती म्हणून.

अख्ख्या करंजघळात एकच मिरवेल उरली होती. देवाच्या राईतल्या सातवणीच्या जुन्या झाडावर ती चढलेली होती आणि तिला मर लागली नव्हती. ती मुळात गावकरांच्याच घरची. कुणा पूर्वजाने नवसाची म्हणून तिथे लावली होती, त्यामुळे वर्षातून एकदा, जत्रेच्या नैवेद्यापुरती तिची मिरी काढायचा मान गावकरांच्या घराला. एरवी राईतलं वाळकं पानही घरी न्यायचं नाही. लवूच्या कानावर माझ्या प्रयोगशाळेची कीर्ती गेली होती. नखाएवढ्या तुकड्यातून हजार रोपं होतात हे खरं का, असं त्याने विचारलं.

होतात. कोंबाचा बारीक तुकडा घ्यायचा, औषधात बुडवून निर्जंतुक करायचा आणि बाटलीतल्या जेलीवर उभा करायचा. जेलीत साखर असते, क्षार असतात आणि डोळ्यांना दिसणार नाहीत इतकी थोडी संप्रेरकं असतात. एक संप्रेरक कोंब फोडतं, दुसरं मुळं. मंदा त्यांना कोंबाचं औषध आणि मुळांचं औषध म्हणायची, आणि पुढे मीही तेच म्हणायला लागले. कोंब फुटले की ते सोडवून नव्या बाटल्यांत लावायचे, त्यांना परत कोंब फुटतात. सांगायला सोपं आहे. लवूलाही मी असंच सोपं करून सांगितलं.

फक्त एक गोष्ट त्याच्याकडून तीनतीनदा घोकून घेतली. मिरवेलीला दोन जातींच्या फांद्या असतात. एक चढणारी, जिच्या प्रत्येक पेरातून बारीक मुळं निघून झाडाला धरतात. आणि दुसरी आडवी जाणारी फळफांदी, जिला मिरीचे घोस लागतात पण धरायची मुळं नसतात. रोप करायचं ते चढणाऱ्या फांदीचं. फळफांदीचं रोप केलं तर त्याचं झुडूप होतं आणि ते जन्मभर झुडूपच राहतं, पोफळीपाशी नेऊन ठेवलं तरी वर जात नाही. मला चढणारी फांदी हवी, असं मी लवूला सांगितलं. त्याने मान हलवली. हे तर आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं, असं त्याच्या तोंडावर लिहिलेलं होतं.

कौलाच्या दिवशी लवू आंघोळ करून ओलेत्याने उभा होता. गुरवाने पाषाणाला भिजवलेल्या कळ्या लावल्या आणि गाऱ्हाणं घालून एकेक प्रश्न विचारला. उजवी कळी पडली तर देवाचा होकार, डावी पडली तर नकार. फांदी द्यायची का, याला उजवी पडली. एकापेक्षा जास्त द्यायच्या का, याला डावी. लवूच्या हाताने काढायची का, याला पुन्हा डावी, आणि लोकांत कुजबुज झाली. मग कुणाच्या हाताने, म्हणून गुरवाने घरातलं दुसरं माणूस म्हणजे लवूची आई सांगितली, आणि उजवी कळी लगेच सुटली.

त्या, म्हणजे सुभद्राकाकी, तेव्हा मागे बायकांत उभ्या होत्या. ठेंगणी, रापलेली, पदर घट्ट खोचलेली बाई. लवूने त्यांना बाजूला घेऊन फांदीचं सगळं नीट समजावलं, ते मी माझ्या कानांनी ऐकलं. त्या हो म्हणाल्या, एकट्या राईत शिरल्या आणि बऱ्याच वेळाने ही गुंडाळी घेऊन बाहेर आल्या. आत हिरव्या मिरीचे तीन घोस लटकलेली देखणी फळफांदी होती.

मला वाटलं, बाईमाणूस, देवाच्या दारातून न्यायचं म्हणून चांगल्यातलं चांगलं काढून आणलं. देवाला नारळ देताना आपण नाही का भरलेला बघून देत? लवूने फांदी बघितली आणि त्याचा चेहरा पडला, पण तोही आईला काही बोलला नाही. जीपपाशी आल्यावर त्याने विचारलं, “हेतून चढणारी होयत काय, मॅडम?”

पुस्तकात एक वाट दिलेली होती. वयात आलेल्या फांदीला कोंबाचं औषध देऊन पुन्हापुन्हा कोवळं करत गेलं, तर कधीकधी ती आपलं वय विसरते आणि बाळरोपासारखी वागायला लागते. मिरीत बाळरोप म्हणजे चढणारं रोप. कधीकधी, असा शब्द होता. मी लवूला म्हणाले, बघू या.

मिरीइतकं कृतघ्न झाड मी दुसरं बघितलेलं नाही. तिच्या पोटातच जीवाणू असतात. बाहेरून कितीही धुवा, विषात बुडवा, चार दिवस तुकडा हिरवागार दिसतो आणि पाचव्या दिवशी बुडाशी दुधासारखं पांढरं पसरतं. मग बाटली उकळून फेकून द्यायची. मंदा बाटल्यांचे क्रेट उचलून न्यायची आणि म्हणायची, “मॅडम, हेचा सोवळा वरवरचा. पोटात सगळो मळ.” ती आमच्या निर्जंतुक खोलीला सोवळ्याची खोली म्हणायची, आणि मला सोवळ्यातली बाई.

त्या फांदीचे जेवढे तुकडे झाले त्यातला एक टिकला. एकच. त्याच्यावर माझी पुढची दोन-अडीच वर्षं गेली.

कामाचं वर्णन काय करायचं? गाळलेली हवा सोडणाऱ्या वाऱ्याच्या पेटीसमोर स्टुलावर बसायचं, चिमटा दिव्यावर लाल करायचा, थंड करायचा, बाटली उघडायची, कोवळ्यात कोवळं टोक कापायचं, नव्या जेलीवर लावायचं, झाकण घालायचं. परत चिमटा. पेटीचा वारा सतत तोंडावर, डोळे कोरडे पडायचे, मान आखडायची. वीज गेली की थंड खोली तापायची आणि महिन्याचं काम एका दुपारी पाण्यात जायचं. झाडाने वय विसरावं म्हणून मी राबत होते आणि माझं वय मला रोज संध्याकाळी पाठीतून आठवण करून देत होतं. घरी जाऊन वरणभात टाकायचंही त्राण नसायचं. लग्न केलं नव्हतं ते बरंच झालं, असं तेव्हा पहिल्यांदा मनापासून वाटलं.

प्राचार्यांनी दोनदा बोलावून घेतलं. मिरीच्या नादात केळीच्या बाटल्या कमी होतात, असं त्यांचं म्हणणं, आणि ते खरंच होतं. मी हो म्हणायचे आणि परत येऊन मिरीच करायचे. लवू महिन्या-दीड महिन्यातून एकदा यायचा. खोलीत येऊ देत नसू म्हणून काचेबाहेर उभा राहून बाटल्यांकडे बघायचा. बाटल्यांत झुडपंच होती. भरगच्च, निरोगी, हट्टी झुडपं. त्याने कधी घाई केली नाही, कधी तक्रार केली नाही, नुसता गोव्याहून परत बोलावणं आल्याचं सांगायचा. त्याने दोन शिव्या दिल्या असत्या तर मी सुटले असते. तो असा गप्प उभा राहायचा म्हणून मला सोडवत नव्हतं.

मग एका दुपारी मंदाने एक बाटली उजेडाकडे धरली आणि म्हणाली, “मॅडम, ह्यो काचेक चिकटलो.”

मी बाटली हातात घेतली. आत एक कोंब इतरांपेक्षा बारीक होता, पानं छोटी आणि हृदयाच्या आकाराची, आणि प्रत्येक पेरातून केसासारखी मुळं निघून काचेला घट्ट धरून होती. काचेवरून तो सरळ वर चालला होता. मी खुर्चीत बसले आणि रडले. आनंदाने म्हणायला हरकत नाही, पण खरं सांगायचं तर थकव्यानेच जास्त.

त्या एका कोंबापासून पुढे चढणारी रोपं झाली. फार नव्हेत, एका क्रेटभर. बाकीची झुडपंच राहिली, आणि ती मात्र भरमसाट होती. सगळी मातीच्या पिशव्यांत लावून, सावलीत वाढवून, हळूहळू उन्हाची सवय करून झाली. चढणाऱ्यांना काठ्या लावल्या, त्यांनी काठ्या धरल्या. मग मी लवूला निरोप धाडला की रोपं घेऊन येते, काय झालं ते येऊन सांगते. फोडून सांगितलं नाही. त्याचा चेहरा मला स्वतः बघायचा होता.

संस्थेची जुनी जीप मीच चालवायचे. मागे दोन क्रेट ठेवले, एक चढणाऱ्या रोपांचा, एक झुडपांचा. झुडपं घेतली ती कुंपणाला लावायला होतील म्हणून. वाटेत मी यावर जो शोधनिबंध लिहिणार होते त्याची वाक्यंही मनात जुळवत होते. आयुष्यात एवढं एकच काम माझ्या हातून झालं होतं, की जे इतर कुणाकडून झालेलं मी तरी ऐकलं नव्हतं.

लवू घरी नव्हता, खाली बागेत खड्डे खणत होता. सुभद्राकाकी घरापुढच्या खळ्यात वाळत घातलेल्या सुपाऱ्या परतत बसल्या होत्या. मी दोन्ही क्रेट उतरवून खळ्याच्या कडेला ठेवले आणि चढणाऱ्या रोपांवरचं गोणपाट बाजूला केलं. त्या उठून आल्या. एक रोप उचलून त्यांनी काठीवरून बोट फिरवलं, पेरांतल्या मुळांपाशी थांबल्या.

“ही चढतली?”

“चढणार, काकी. पार शेंड्यापर्यंत.”

त्यांनी रोप होतं तिथे परत ठेवलं. आत जाऊन मला पाणी आणि गूळ आणून दिला आणि समोर उकिडव्या बसल्या. मग म्हणाल्या, “बाय, मी तुका न चढणारी फांदी दिलंय.”

मला हसू आलं. म्हटलं, मला पहिल्याच दिवशी कळलं होतं, होते चूक, जाऊ दे आता, शेवट गोड झाला.

“चूक नाय,” त्या म्हणाल्या. “लगीन होवन इलंय तेव्हापासून ह्या घरात मिरी तोडतंय. खंयची चढता नि खंयची नाय, ता माका कळणा नाय?”

त्या सुपाऱ्यांकडे बघत बोलत होत्या, आवाज न चढवता, रोजचं काही सांगावं तसं.

सुपारी काढायला पाडेली येतो. तो जातीचा चढणारा. एका पोफळीवरून दुसरीवर झोका घेत जातो, दिवसभरात बाग उरकतो आणि निघून जातो. मिरीचं तसं नसतं. घोस पिकतील तसे एकेक करून खुडावे लागतात, दिवसचे दिवस. पाडेली त्यात पडत नाही. ते घरच्या पुरुषाचं काम. एकाच बांबूला खुंट्या ठेवून केलेली शिडी पोफळीला टेकवायची, तो वर आणि खाली बुडाशी बांबू धरून घरची बाई. लवूचे वडील आत्माराम असेच वर होते. काकींनी बांबू धरला होता. वरची खुंटी मोडली. बांबू काकींच्या हातात तसाच उभा राहिला आणि माणूस शेजारी येऊन पडला.

“हलूकसुद्धा नाय तो बांबू,” त्या म्हणाल्या. “मी बरो धरलेलो.”

गुळाचा खडा माझ्या हातातच राहिला.

“मर इली तेव्हा सगळो गाव रडलो. मी देवाक नारळ ठेवलंय. म्हटलंय, आता माझो झिल, लवू, जमिनीर रवतलो. तर ह्यो भायरसून रोपां हाडूक लागलो. ती मेली. मगे तुझ्याकडे गेलो. आणि त्या दिवशी कौल लवूक इलो असतो, तर माझा काय चलला नसता. पण देवान माका दिल्यान. आता तूच सांग, मी काय समजाचा?”

मला राग आला. अगदी सणसणून आला. मला आधी सांगायचं होतं, मी म्हणाले. माझे डोळे गेले त्या बाटल्यांत, पाठ गेली, दोन-अडीच वर्षं मी या एका गोष्टीमागे धावतेय. एक शब्द सांगितला असता तर मी तेव्हाच हात टेकले असते.

“माका वाटला, तुका जमाचा नाय,” त्या म्हणाल्या. त्यात टोमणा नव्हता. “जमयलंस, हुशार आसस. पण बाय, माका नको ती.”

मी वाद घालून बघितला. वेल उंच जाऊच द्यायची नाही, म्हटलं, डोक्याएवढी झाली की शेंडा छाटायचा, माझ्या गावाकडे द्राक्षाचं तसंच करतात. त्यांनी मान हलवली. “वेल तू खाली ठेवशीत. माणूस रवात खाली? वर पोफळ मोकळी दिसता मा. आज डोक्याएवढी, उद्या म्हणतलो, जाऊंदे थोडी वर.”

“मग तो गोव्याला जाईल, काकी.”

“जाऊंदे. चवथीक तरी येतलो.”

चवथ म्हणजे गणपती. तेवढ्यावर एक आई वर्ष काढायला तयार होती. माझा राग कुठे गेला ते मला कळलं नाही, त्या जागी नुसता शीण उरला. खालून लवूचा कुणाला तरी हाक मारल्याचा आवाज आला. काकींनी माझ्या मनगटावर हात ठेवला, खरखरीत, सुपारीने काळा पडलेला. “तू सांग तेका. माझा ऐकाचो नाय. तुझा मानता.”

मी उठले. चढणाऱ्या रोपांचा क्रेट उचलून जीपमध्ये नेऊन ठेवला, त्यावर गोणपाट ओढलं आणि सुतळीने कसंबसं बांधलं. असं मी का केलं, हे मला कुणी विचारलं तर नीट उत्तर देता येणार नाही. एवढंच म्हणता येईल, की ती बाई समोर उकिडवी बसली होती आणि माझ्याने दुसरं काही करवलं नसतं.

लवू आला तो मातीने भरलेला. हातही न धुता आधी क्रेटपाशी गेला. झुडपं बघितली, एकेक पिशवी फिरवून पेरं तपासली. मग माझ्याकडे वळला.

“एकपण चढणारा नाय?”

“नाही,” मी म्हणाले. “खूप प्रयत्न केला, लवू. झाली नाहीत.”

मग मला बोलणं भाग होतं म्हणून मी बोलत सुटले. ही झुडपंही वाईट नाहीत, मोकळ्या जागेत लावायची, वर्ष-दोन वर्षांत मिरी धरतात, कमरेएवढी उंच, बसल्या जागी तोडता येते, राईतल्या वेलीचीच जात आहे म्हणजे मरसुद्धा बहुधा लागणार नाही. सगळं खरं होतं. लवूने शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि म्हणाला, “बरा. तुम्ही खूप केल्यात आमच्यासाठी.” काकी आत निघून गेल्या होत्या.

त्याने झुडपं क्रेटमधून काढून ओळीने पडवीत ठेवली आणि रिकामा क्रेट घेऊन माझ्याबरोबर जीपपाशी आला. मी दार उघडेपर्यंत त्याने तो मागे ठेवलासुद्धा. ठेवताना सुतळी सुटली आणि गोणपाट सरकलं. मला वाटलं, संपलं.

त्याने बघितलं. पटकन नव्हे, चांगलं बघितलं. एका रोपाच्या काठीवरून त्याने बोट फिरवलं, मघा आईने फिरवलं होतं तसंच, आणि पेरापाशी थांबला.

“आयेन सांगितल्यान?” त्याने विचारलं.

मी होकाराची मान हलवली.

तो घराकडे पाठ करून उभा होता. “बाबा पडले तेव्हा मी बाजूच्या पोफळीर होतंय. आये बांबू सोडून बाबांकडे धावली नाय, मॅडम. थयच उभी रवान वर माझ्याकडे बघून आरडत होती. लवू, तू खाली ये. लवू, तू खाली ये. बाबा थय पडलेले, आणि ही माका हाका मारता.” त्याने हातावरची माती झाडली. “माका वाटला, इतक्या वर्सांत इसारली आसतली.”

मी त्याला म्हणाले, तुला हवी असतील तर ने ही रोपं. तुझ्यासाठीच केली आहेत. निर्णय तुझा.

त्याने गोणपाट परत रोपांवर ओढलं. माझी गाठ ढिली होती, ती सोडून स्वतः नीट, दोन वेढे देऊन सुतळी बांधली. “तिका सांगा नको,” तो म्हणाला, “मी बघितलंय म्हणान.”

“आणि गोवा?”

“बघूया. ही झुडपां आधी जगांदेत.”

तो कुदळ खांद्यावर टाकून बागेकडे उतरून गेला. मी जीपमध्ये बसले आणि किल्ली लावली. तेवढ्यात सुभद्राकाकी हातात कोकमाच्या सोलांची पिशवी घेऊन लगबगीने आल्या. रिकाम्या हाताने कुणाला परत पाठवायची तिथे रीत नाही. पिशवी खिडकीतून माझ्या मांडीवर ठेवून त्यांनी बागेकडे बघितलं, मग मागच्या गोणपाटाकडे, आणि हळूच विचारलं, “काय म्हणी होतो?”

“काही नाही,” मी म्हणाले. “झुडपांना पाणी किती घालायचं, ते विचारत होता.”

काकींनी मोठा श्वास सोडला आणि पदराने तोंड पुसलं. “घालतलो तो,” म्हणाल्या. “पाण्याक तो कधी कंटाळूक नाय.”